विद्यापीठाचा अभ्यास आणि जागतिक मैदान

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात दिलेले व्याख्यान)





ट्रस्टच्या पन्नासाव्या वर्षी या व्यासपीठावरून बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा मनःपूर्वक ऋणी आहे. मी आयुष्यभर महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविले. मैदानाशी माझा संबंध कडेला उभे राहून टाळ्या वाजविण्यापुरताच. तेव्हा चिटणीससाहेबांनी विषय विचारला आणि मी 'अभ्यास आणि खेळ' असे सांगितले, त्या वेळी त्यांनाही थोडे आश्चर्य वाटले असावे. त्याला कारण आहे. ते मी ओघात सांगेन. ते माझ्या फारसे अभिमानाचे नाही.

आज आपण ज्या विद्यार्थ्यांचा सत्कार केला, त्यांची छापील यादी माझ्या हातात आहे. दहावी, बारावी, पदवी, अभियांत्रिकी, सी.ए. अशी सुरेख मांडणी आहे आणि प्रत्येक नावापुढे टक्केवारी आहे. यादीच्या अगदी शेवटी 'इतर प्रावीण्य' असा मथळा असून त्याखाली दोन नावे आहेत. एक मुलगा बुद्धिबळाचा, तर एक मुलगी जलतरणाची. या दोघांच्या नावापुढे टक्केवारी छापलेली नाही, स्पर्धेचे नाव छापले आहे. यादी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. आपल्या घरांतही हीच यादी असते. अभ्यास वर आणि खेळ 'इतर' मध्ये.

कार्यक्रमापूर्वी चहाच्या वेळी त्या जलतरणपटू मुलीचे वडील मला भेटले. मुलगी या वर्षी बारावीत आहे. त्यांनी अतिशय नम्रपणे विचारले, "सर, बारावीपुरते पोहणे बंद करू का?" मी त्यांना तेथे उत्तर दिले नाही. व्यासपीठावरून देईन असे म्हणालो. तेव्हा आजचे हे सारे बोलणे त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजावे. आपण सर्वांनी ते ऐकावे इतकेच.

एका वैद्यकीय विद्यार्थ्याची हकिकत प्रथम सांगतो. नाव रॉजर बॅनिस्टर. जन्म १९२९, इंग्लंडमधील हॅरो येथे. वयाच्या सतराव्या वर्षी, १९४६ साली ते ऑक्सफर्डच्या एक्झिटर महाविद्यालयात दाखल झाले. त्यापूर्वी त्यांनी धावण्याचे खिळ्यांचे बूट पायात घातलेले नव्हते. दोन वर्षांतच लंडन ऑलिंपिकच्या संभाव्य खेळाडूंत त्यांचे नाव आले. परंतु आपली तयारी अजून झालेली नाही असे म्हणून त्यांनी स्वतःच ते मागे घेतले. एकोणीस वर्षांच्या मुलाने, तेही स्वतःच्याच देशात होणाऱ्या ऑलिंपिकच्या तोंडावर असा निर्णय घ्यावा, ही गोष्ट मला त्यांच्या पुढील विक्रमाइतकीच मोठी वाटते. आपल्याकडे असे कोणी केले असते, तर साऱ्या आळीने त्याला शहाणपण शिकविले असते.

ऑक्सफर्डमध्ये त्यांनी शरीरक्रियाशास्त्रात संशोधन केले. विषय होता धावताना श्वसनावर पडणारा ताण. फिरत्या पट्ट्यावर माणसांना धावावयास लावायचे, हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण बदलायचे आणि दमछाक केव्हा होते ते मोजायचे. या प्रयोगांत ते स्वतःही पट्ट्यावर धावत. म्हणजे सकाळी प्रयोगशाळेत जे शिकायचे ते संध्याकाळी मैदानावर पडताळायचे. पुढे लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकू लागले. रुग्णालयातील कामाचे वेळापत्रक कोणासाठी बदलत नाही, हे आपल्या समाजातील डॉक्टर मंडळी जाणतातच.

१९५२ साली हेलसिंकी येथे ऑलिंपिक झाले. पंधराशे मीटरच्या शर्यतीत बॅनिस्टर जिंकणार अशी इंग्लंडमधील वृत्तपत्रांची खात्री होती. अभ्यास सांभाळून जेवढा सराव होईल तेवढाच ते करीत. प्राथमिक फेरी आणि अंतिम फेरी अशा दोन शर्यतींना पुरेल एवढी शक्ती त्यांनी बेताने साठविली होती. ऐन वेळी आयोजकांनी मध्ये उपान्त्य फेरी घातली. तीन दिवसांत तीन शर्यती आल्या आणि अंतिम फेरीत ते चौथे आले. लक्झेंबर्गचा बार्थेल पहिला आला. बॅनिस्टर यांच्या सरावाच्या पद्धतीवर मायदेशी टीकेची झोड उठली.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. अभ्यास आणि खेळ दोन्ही उत्तम जमतात, कशाचीही किंमत मोजावी लागत नाही, असे आपण सत्कार समारंभांतून मुलांना सांगतो. ते खरे नाही. अभ्यासाने बॅनिस्टर यांच्याकडून किंमत घेतली. पूर्ण वेळ सराव करणाऱ्याला तिसरी शर्यत झेपली असती. त्यांना पदक मिळाले नाही आणि पुढेही ऑलिंपिक पदक कधीच मिळाले नाही. मुलांना हे सांगितले पाहिजे आणि तरीही त्या माणसाचे आयुष्य फुकट गेले नाही, हेही सांगितले पाहिजे.

त्या पराभवानंतर धावणे सोडावे की काय, असा विचार त्यांच्या मनात काही काळ होता. पण शेवटी त्यांनी नवे ध्येय ठरविले. एक मैल, म्हणजे सुमारे १,६०९ मीटर, चार मिनिटांच्या आत धावायचे. स्वीडनच्या गुंडर हेग याचा ४ मिनिटे १.४ सेकंदांचा विक्रम १९४५ पासून तसाच उभा होता. हे मानवी शरीराला शक्यच नाही, असे म्हणणारे जाणकार पुष्कळ होते.

आता बॅनिस्टर यांचे वेळापत्रक पाहावे. दिवसभर रुग्णालय. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ते जवळच्या पॅडिंग्टन क्रीडांगणावर जात, कपडे बदलत आणि पाव मैलाची एक अशा दहा फेऱ्या मारीत. दोन फेऱ्यांच्या मध्ये दोन मिनिटे विश्रांती. मग परत रुग्णालयात. एवढाच सराव. पण त्यात एकही फेरी वाया घालविलेली नसे. हिवाळ्यात सुरुवात केली तेव्हा एका फेरीला सरासरी ६६ सेकंद लागत. महिन्यामागून महिने घासून ते ६१ सेकंदांवर आले आणि तेथेच अडकले. काही केल्या पुढे सरकेनात. तेव्हा त्यांनी सराव वाढविला असेल असे आपल्याला वाटेल. त्यांनी तो बंद केला! मित्राबरोबर काही दिवस स्कॉटलंडमध्ये डोंगर चढण्यासाठी गेले. परत आल्यावर त्याच दहा फेऱ्या ५९ सेकंदांच्या वेगाने झाल्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलाला मैदानावर पाहून ज्यांचा रक्तदाब वाढतो, अशा पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

६ मे १९५४, गुरुवार. त्या दिवशीही ते सकाळी रुग्णालयात गेले. तेथील प्रयोगशाळेतील सहाणेवर त्यांनी बुटांचे खिळे घासून अणकुचीदार केले आणि त्यांना ग्रॅफाइट चोळले, म्हणजे धावपट्टीवरील राख खिळ्यांना चिकटणार नाही. मग आगगाडीने ऑक्सफर्डला गेले. रसायनशास्त्राचा शिक्षक म्हणून हे ग्रॅफाइटचे मला मोठे अप्रूप वाटते. प्रयोगशाळा आणि मैदान या दोन जागा त्या सकाळी एकाच माणसाच्या हातात एकत्र आल्या होत्या.

संध्याकाळी इफ्ली रोडच्या धावपट्टीवर वारा इतका जोराचा होता की शर्यत रद्द करावी असे त्यांना वाटत होते. जवळच्या चर्चवरील निशाण फडफडत होते. ते जरा निवळले आणि त्यांनी धावावयाचे ठरविले. पहिल्या दोन फेऱ्या ख्रिस ब्रॅशर पुढे राहिला, तिसरीला ख्रिस चॅटवे पुढे झाला आणि अखेरच्या टप्प्यात बॅनिस्टर एकटे सुटले. वेळ लागली ३ मिनिटे ५९.४ सेकंद. ब्रॅशर केंब्रिजचा, चॅटवे ऑक्सफर्डचा. दोघेही नोकरीधंदा सांभाळून धावणारे. शर्यतीत एकाचा विक्रम व्हावा म्हणून दोघांनी आपला दम खर्च केला, हे विसरून चालणार नाही.

हा विक्रम ४६ दिवस टिकला. ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडी याने जूनमध्ये तो मोडला. ऑगस्टमध्ये व्हँकुव्हर येथे दोघे समोरासमोर आले आणि बॅनिस्टर जिंकले. त्याच महिन्यात युरोपीय स्पर्धेतील पंधराशे मीटरचे विजेतेपदही त्यांनी मिळविले. आणि वर्ष संपण्यापूर्वी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी धावण्याच्या स्पर्धांतून निवृत्ती घेतली. पुढचे ऑलिंपिक दोन वर्षांवर होते. ब्रॅशरने ते खेळून १९५६ साली मेलबर्नला सुवर्णपदकही मिळविले. बॅनिस्टर रुग्णालयात गेले ते गेलेच. मज्जाविकारतज्ज्ञ झाले, आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेच्या विकारांवर त्यांनी मोलाचे काम केले, इंग्लंडच्या क्रीडा परिषदेचे पहिले अध्यक्ष झाले. १९८५ ते १९९३ या काळात ते ऑक्सफर्डच्या पेंब्रोक महाविद्यालयाचे प्रमुख होते. आपले वैद्यकीय काम त्या चार मिनिटांपेक्षा मोठे, असे ते शेवटपर्यंत मानीत. उतारवयात त्यांना पार्किन्सनचा, म्हणजे मज्जासंस्थेचाच विकार जडला. २०१८ च्या मार्चमध्ये, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कोणी म्हणेल, सर, हे सारे सत्तर वर्षांपूर्वीचे झाले. दुपारच्या सुट्टीत सराव करून आज जिल्हा पातळीवरही कोणी जिंकत नाही. हा आक्षेप अगदी बरोबर आहे. आज आंतरराष्ट्रीय पातळीवरच्या जलतरणपटूला दिवसातून दोन वेळा पाण्यात उतरावे लागते, शिवाय व्यायामशाळा, आहारतज्ज्ञ आणि झोपेचेसुद्धा वेळापत्रक. दिवसाचे दोन भाग करून दोन्हीकडे पुरे पडण्याची सोय आता बहुतेक खेळांत राहिलेली नाही. म्हणून आजचे खेळाडू दिवस वाटून घेण्याऐवजी वर्षे वाटून घेतात. हा फरक आपल्याकडे अजून नीट ध्यानात आलेला नाही.

अमेरिकेची केटी लेडेकी पंधराव्या वर्षी, २०१२ साली लंडनला ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकली. तिला स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. परंतु २०१६ चे रिओ ऑलिंपिक आधी, म्हणून तिने प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला. रिओला चार सुवर्णपदके मिळवून ती वर्गात जाऊन बसली. दोन वर्षे महाविद्यालयाच्या संघातून पोहली, नंतर व्यावसायिक झाली, शिक्षण सुरू ठेवले आणि तोक्यो ऑलिंपिकपूर्वी मानसशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम पुरा केला. सलग चार वर्षांची पदवी नव्हे. पण अर्धवट सोडलेलीही नव्हे. तिच्याच देशाची गॅबी थॉमस हार्वर्ड विद्यापीठात मज्जाजीवशास्त्र शिकली, नंतर टेक्सासमध्ये साथरोगशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आणि २०२४ साली पॅरिसला दोनशे मीटरमध्ये सुवर्णपदक मिळविले. मात्र तेथील विद्यापीठांत वर्ग, तलाव आणि प्रशिक्षक एकाच आवारात असतात, हे विसरू नये. आपल्याकडे तलाव शहराच्या एका टोकाला, महाविद्यालय दुसऱ्या टोकाला, शिकवणी तिसरीकडेच. मुलीचा निम्मा दम बसमध्येच जातो.

ऑस्ट्रियाची ॲना कीझेनहोफर हिची गोष्ट मला विशेष आवडते. गणिताची विद्यार्थिनी. व्हिएन्ना, केंब्रिज आणि नंतर बार्सिलोना येथे पीएच.डी. त्या संशोधनाच्या काळातच ती सायकल शर्यतींत उतरली. २०२१ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये रस्त्यावरील शर्यतीला ती उभी राहिली तेव्हा तिच्यामागे कोणताही व्यावसायिक संघ नव्हता, प्रशिक्षकही नव्हता. स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ती गणिताचे संशोधन करीत होती. सराव, आहार, वेग यांचे सारे हिशेब तिने स्वतः मांडले होते. १३७ किलोमीटरच्या शर्यतीत सुरुवातीलाच ती पुढे निघून गेली आणि मागच्या बलाढ्य संघांना तिचा विसर पडला. नेदरलँड्सची खेळाडू दुसरी आली आणि आपणच जिंकलो असे समजून तिने हात उंचावले! कीझेनहोफर तिच्या सव्वा मिनिट आधीच पोहोचली होती. गणित शिकल्यामुळे ती वेगवान झाली असे मी म्हणणार नाही. पण आपला हिशेब आपण मांडण्याची सवय तिला अभ्यासाने लावली, एवढे म्हणता येईल.

आता घराकडे वळू. बॅनिस्टर ज्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये चौथे आले, त्याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वर गावचा एक पैलवान तिसरा आला. खाशाबा जाधव. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले, आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला तर २०२४ साल. पॅरिसला नेमबाज स्वप्नील कुसळे याने पदक मिळविले ते बहात्तर वर्षांनी.

खाशाबांचे शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले आणि पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडनला गेले. तोपर्यंतची सारी कुस्ती मातीतली. गादीवरच्या कुस्तीची सवय नाही, नियम नवे. तरीही सहावे आले. पुढच्या वेळी कमी पडायचे नाही असे ठरवून त्यांनी चार वर्षे मेहनत केली. पण हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. आणि राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

बंधू-भगिनींनो, मी शिक्षकाच्या पेशात आयुष्य घालविले. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना किती वेळा सांगितली असेल याची मोजदाद नाही. गॅदरिंगला सांगितली, क्रीडादिनाला सांगितली. सांगताना माझा आवाज भरून येई. आणि ज्या दिवशी माझ्यापुढे तशीच वेळ आली, घर सोडाच, प्रयोगशाळेची किल्लीही माझ्याने गहाण टाकवली नाही. ते आता सांगतो.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातील. मी विभागप्रमुख होतो. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. लांब पल्ल्याची धावपटू. आंतरविद्यापीठ स्पर्धेत चमकली होती आणि तिला राष्ट्रीय सराव शिबिराचे बोलावणे आले. त्या शिबिरातून परदेशी जाणारा संघ निवडला जाणार होता. ती पत्र घेऊन माझ्याकडे आली. स्पर्धांमुळे तिची बरीच प्रात्यक्षिके आधीच बुडाली होती. शिबिराला गेली असती तर उरलेलीही बुडाली असती आणि जर्नल पुरे झाले नसते. प्रमाणित जर्नलखेरीज प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, हे आपल्यापैकी विज्ञान शाखेच्या सर्वांना ठाऊक आहे.

मी तिला नियम सांगितला. रागावून नव्हे, अगदी समजावून सांगितला. "बाळ, पदवी आयुष्यभर कामाला येते, धावणे किती दिवस?" असेही म्हणालो. ती काही बोलली नाही. पत्राची घडी घालून गेली. शिबिराला गेली नाही. तिने सर्व प्रात्यक्षिके पुरी केली आणि तिला पहिला वर्ग मिळाला.

नियम मोडावा असे मी आजही म्हणणार नाही. पण नियम जर्नल पुरे असावे एवढेच म्हणत होता. ते कोणत्या वारी पुरे करावे हे तो सांगत नव्हता. शिबिर सुटल्यावर मी चार-पाच रविवार प्रयोगशाळा उघडली असती, एक प्रयोगशाळा सहायक बोलावला असता, तर तिची सारी प्रात्यक्षिके झाली असती. किल्ली माझ्याच खिशात होती. मला ते सुचले नाही. खरे सांगायचे तर सुचले होते, पण रविवारी कोण येणार, हाही विचार त्याबरोबर सुचला.

काही वर्षांपूर्वी एका लग्नसमारंभात ती भेटली. बँकेत चांगल्या हुद्द्यावर आहे. वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "सर, मला फर्स्ट क्लास मिळाला तो तुमच्यामुळेच." तिच्या बोलण्यात उपरोध नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. मी विचारले, "धावतेस का अजून?" ती हसली आणि म्हणाली, "नाही सर, तेव्हाच सुटले ते."

ती परदेशी जाणाऱ्या संघात निवडली गेलीच असती असे नाही. निवडल्या न गेलेल्या मुलींची संख्या नेहमीच जास्त असते. पण ते ठरविण्याचा अधिकार घड्याळाचा होता. मी तो माझ्याकडे घेतला.

असो. जलतरणपटू मुलीच्या वडिलांना आता उत्तर देतो. पोहणे बंद करू नका. वर्षभर बंद पडलेला खेळाडू पुन्हा पूर्वीच्या जागी येतो असे क्वचितच घडते. वयाची ती वर्षेच वाढीची असतात. प्रशिक्षकांसमोर बारावीचे आणि स्पर्धांचे अशी दोन्ही वेळापत्रके ठेवा आणि तिघांनी मिळून बसा. तिघांत मुलगी धरली आहे, हे मुद्दाम सांगतो. परीक्षेच्या आधीचे दोन महिने एकाच वेळचा सराव ठेवता येईल. महत्त्वाची स्पर्धा असेल त्या महिन्यात शिकवणीचा तास बुडेल, तो बुडू द्या. प्रवेश परीक्षा पुढच्या वर्षी देण्याचे ठरले, तर ते अपयश समजू नका. आणि पदवीचे शिक्षण मात्र कोणत्याही परिस्थितीत सोडू देऊ नका. खेळाडूचे शरीर तिशीच्या आसपास उतरणीला लागते, काहींचा गुडघा किंवा खांदा त्याआधीच रजा घेतो. पदवी उशिरा झाली तरी चालेल, पण झाली पाहिजे.

आपल्या घरातील एक व्यावहारिक अडचणही येथे बोलून टाकतो. सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्या घरात संध्याकाळी सात वाजता तलावावरून येणाऱ्या मुलीने काय करावे? यावरून मी घरोघरी कुरबुरी पाहिल्या आहेत. आजीला वाटते नियम गेला, प्रशिक्षकाला वाटते मुलगी अर्धपोटी राहते. काही घरांनी मुख्य सराव पहाटेचा घेऊन यातून मार्ग काढला आहे, संध्याकाळचा सराव लवकर आटोपता ठेवला आहे. प्रत्येक घराने आपापले पाहावे. माझे म्हणणे एवढेच की हे आजी आणि नात यांनी समोरासमोर बसून ठरवावे. मुलीला तलाव सोडण्याचे कारण म्हणून ते पुढे करू नये.

शेवटी विश्वस्त मंडळाला एक विनंती. युरोपीय संघाने २०१२ साली खेळाडूंच्या 'दुहेरी कारकिर्दी'विषयी आपल्या सदस्य देशांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. आपल्याकडेही २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक जमा ठेवण्याची 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' ही व्यवस्था झाली. मध्ये थांबून पुन्हा शिक्षण सुरू करता यावे, हे तिच्यामागचे एक प्रयोजन. म्हणजे विद्यापीठ जे मान्य करू लागले आहे, ते आपल्या शिष्यवृत्तीच्या नियमावलीत अजून आलेले नाही.

आपल्या अर्जाच्या मागील बाजूस नियम छापलेले आहेत. किमान साठ टक्के गुण, आणि 'शिक्षणात खंड पडलेला नसावा'. ज्या ज्येष्ठांनी पन्नास वर्षांपूर्वी हा नियम केला, त्यांच्यापैकी काहींना मी ओळखत होतो. निधी थोडा होता, गरजू मुले पुष्कळ होती, आणि मुलांनी वर्षे वाया घालवू नयेत हा त्यामागचा प्रामाणिक हेतू होता. तो हेतू आजही योग्य आहे. पण या नियमात केटी लेडेकी बसत नाही. उद्या या मुलीने राष्ट्रीय शिबिरासाठी एक वर्ष प्रवेश पुढे ढकलला, तर तीही बसणार नाही. ज्या वर्षी तिला पैशाची सर्वांत जास्त गरज असेल, त्याच वर्षी आपला ट्रस्ट तिला अपात्र ठरवील. तेही कोणाच्या मनात वाईट नसताना, केवळ छापील ओळीमुळे. माझ्या जर्नलच्या नियमासारखेच ते होईल.

नियम काढून टाका असे मी म्हणत नाही. 'मान्यताप्राप्त राष्ट्रीय अथवा आंतरराष्ट्रीय स्पर्धा किंवा सराव शिबिरामुळे पडलेला खंड अपवाद मानण्यात येईल' एवढे एक वाक्य त्याखाली घालावे. आणि सत्काराची पुढील यादी छापताना 'इतर प्रावीण्य' या मथळ्याचाही विचार व्हावा. खर्डेकर सरांना घर गहाण ठेवावे लागले. आपल्याला एका वाक्याची छपाई करावयाची आहे.

अर्जाची एक प्रत मी सोबत आणली आहे. मागील पानावर नियमांच्या खाली चार बोटे जागा कोरी आहे. ती प्रत मी आता चिटणीससाहेबांच्या हाती देतो.